मका घेतलास, चुना विसरू नकोस

केळशी,
कोजागरी पौर्णिमा.

चि. बयोस,


तुझा निरोप आला. पाच फोटो आणि खाली एक ओळ. तव्यावरची भाकरी, झेंडूचे ढीग, मिरच्यांच्या राशी, चिंचेच्या गोळ्या, चर्चपुढचा फुगेवाला, आणि ओळ काय, तर "आत्या, इथे सगळं अगदी आपल्यासारखंच आहे गं!" तीन आठवड्यांत पोरगी मेक्सिकोत रुळली म्हणून तुझ्या आईने देवापुढे साखर ठेवली. मी मात्र ती ओळ दोनदा वाचली आणि ठरवलं, ह्याला नुसता अंगठा दाखवून भागायचं नाही. पत्रच लिहायला हवं. टपालाने ते दोन नोव्हेंबरच्या आत पोचायचं नाही, म्हणून पानांचे फोटो काढून पाठवते. अक्षर लागलं नाही तर मोठं करून वाच.

तुला ठाऊक आहे, तुझा दादा मेक्सिको सिटीत नार्वार्तेत राहत होता तेव्हा मी त्याच्याकडे पाच महिने काढले, सप्टेंबर ते जानेवारी. मलाही पहिला महिना तुझ्यासारखंच झालं होतं. मी तर वहीच केली होती. शाळेत तीस वर्षं पोरांना 'साम्य व फरक लिहा' हा प्रश्न घातलेली बाई मी. मधे रेघ मारून दोन रकाने पाडले. साम्याचा रकाना चार दिवसांत भरला, पान उलटलं. फरकाच्या रकान्यात एकच ओळ: 'इथे चहा मिळत नाही.' ती वही अजून माळ्यावरच्या ट्रंकेत आहे. तिच्यात पुढे काय काय लिहिलं गेलं ते तुला सांगते, म्हणजे तुझा दुसरा रकाना माझ्याइतका उशिरा सुरू व्हायला नको.

आधी भाकरीचंच घे. आमच्या बाजाराच्या दाराशी एक बाई बसायची. पहाटे कुठल्याशा गावाहून यायची. पुढ्यात कोळशाची शेगडी, वर पत्र्याचा भला मोठा तवा, त्याला ते कोमाल म्हणतात. बाजूला टोपलीत ओल्या फडक्याखाली पिठाचा गोळा, निळसर करडा, ओल्या दगडी पाटीच्या रंगाचा. तिथे निळा मका असतो. दोन तळहातांत गोळा घेऊन ती टाळ्या वाजवल्यासारखी थापायची, आणि तो थपथप आवाज ऐकला की मला आमच्या आईची चूल दिसायची. एके दिवशी धीर करून मी खुणेनेच विचारलं, मी करू? तिने गोळा दिला. मी केळशीची, तांदळाची उकड मळण्यात आणि भाकऱ्या थापण्यात हयात गेलेली. पाण्याचा हात लावला नि ऐटीत थापायला घेतली. कडा भेगाळल्या, मधे भोक पडलं, अर्धी मनगटावर घसरली. बाई पोट धरून हसली. मग तिने माझीच बोटं माझ्या नाकाशी नेली. पानाच्या डब्याचा वास! चुना.

मका चुन्याच्या पाण्यात उकडायचा, रात्रभर त्यातच ठेवायचा, सकाळी चोळून सालं काढायची, धुवायचा, आणि मग ओलाच वाटायचा. पाट्यावर वाटतात, तो पाटा तीन पायांचा असतो. आता बहुतेक ठिकाणी गिरणीत. ह्याला निश्तामाल म्हणतात. शब्द नाहुआत्ल भाषेतला, आणि रीत किमान तीन हजार वर्षांची. चुन्यामुळे पीठ लागून येतं हे एक. दुसरं असं की, मक्यातलं नायसिन नावाचं जीवनसत्त्व एरवी पोटात जाऊनही अंगी लागत नाही, ते चुन्याने मोकळं होतं. स्पॅनिश लोकांनी मका जहाजात भरून युरोपात नेला. चुना मागेच राहिला. पुढे इटलीत नि अमेरिकेच्या दक्षिण भागात नुसत्या मक्यावर दिवस काढणाऱ्या गरिबांना पेलाग्रा झाला. कातडी सोलायची, जुलाब लागायचे, शेवटी डोक्यावर परिणाम व्हायचा. मेक्सिकोत पिढ्यान् पिढ्या तोच मका खाणाऱ्यांना मात्र त्याने असं छळलं नाही. म्हणून म्हणते, तुझ्या फोटोत भाकरी आली, चुना आला नाही. तो फोटोत येतही नाही, हात घालावा लागतो.

जवळ मूठभर डाळ-तांदूळ असतील तर कुकर विकत घे, पातेल्याच्या नादी लागू नकोस. आपलं कळसूबाई 1,646 मीटर. तू राहतेस ते शहर 2,240 मीटरवर आहे. पाणी 92-93 अंशांवरच उकळायला लागतं, आणि तूरडाळ दोन तास दात दाखवत बसते. जिना चढताना धाप लागली तर घाबरू नकोस.

आता तुला एका वऱ्हाडी माणसाची गोष्ट सांगते. वीणा गवाणकरांचं 'डॉ. खानखोजे : नाही चिरा...' मी तुला दहावीत दिलं होतं, ते तू वाचलं नाहीस हे मला तेव्हाच कळलं होतं. पांडुरंग सदाशिव खानखोजे, जन्म वर्ध्याचा, 1884 सालचा. इंग्रजांविरुद्ध लढायला म्हणून देश सोडला, अमेरिकेत गदर चळवळीच्या उभारणीत होते, पहिल्या महायुद्धात इराणपर्यंत जाऊन लढले. सगळं फसलं. परतीचे दरवाजे बंद. 1924 साली हा माणूस मेक्सिकोत उतरला तो जवळ शेतीशास्त्राचं शिक्षण घेऊन. चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात शिकवायला लागला. तिथेही क्रांती नुकतीच होऊन गेली होती, जमिनी वाटायचं काम चाललं होतं, पण मिळालेल्या तुकड्यात पिकवायचं काय हे कुणी सांगत नव्हतं. खानखोज्यांनी शेतकऱ्यांसाठी मोफत शेतीशाळा काढल्या. मक्यावर काम केलं; तेओसिंते नावाचं मक्याचं रानटी भावंड आहे, त्याचा आणि मक्याचा संकर केला. दिएगो रिवेरा हा केवढा चित्रकार, तो त्यांचा मित्र. शिक्षण खात्याच्या इमारतीतल्या त्याच्या भित्तिचित्रात भाकरी मोडणारा जो माणूस आहे तो खानखोजेच, असं म्हणतात. जाऊन बघ, शहराच्या मध्यातच आहे. चापिंगोलाही जा, पूर्वेला तेश्कोकोपाशी. तिथे 2022 साली त्यांचा पुतळा बसवला आहे.

मला त्या माणसाचं कौतुक क्रांतीपेक्षा वेगळ्या गोष्टीचं वाटतं. तो ज्वारीच्या मुलखातला. मका त्याच्या ताटातलं अन्न नव्हे. त्याला सहज म्हणता आलं असतं की शेतकरी इथून तिथून सारखेच. त्याने तसं न म्हणता मका शिकून घेतला. स्वातंत्र्यानंतर परत आले, 1967 साली नागपुरात वारले, आणि आपल्याकडे शंभरातल्या नव्वदांना नाव विचारलं तर सांगता येणार नाही. असो.

उलट हिशेबही आहे बरं का. 1966 साली आपल्या सरकारने मेक्सिकोहून अठरा हजार टन गव्हाचं बियाणं आणलं, लेर्मा रोहो जातीचं मुख्यतः. आज तू डब्यात पोळी नेतेस तिची पणजी तिथली. आणि नुसती पोळी कशाला, आपल्याच आगरात उभी राहून बघ. चिकूचं नाव नाहुआत्ल आहे. त्याच्या चिकाचं च्युइंगगम करत असत. पपई, पेरू, सीताफळ सगळी त्या बाजूची. देवळापुढचा पांढरा चाफा, निशिगंध, दसऱ्याचा झेंडू तिथला. गडग्यावरचं घायपात तिथलं. दापोलीच्या विद्यापीठातून आणून बांधावर लावलेलं गिरिपुष्पही तिथलंच. मिरचीबद्दल तर तोंड उघडायलाच नको. शिवकाळाच्या दीड-दोनशे वर्षं आधीपर्यंत कोकणात तिखट म्हणजे मिरी. आपल्या 'मिरची' ह्या नावातसुद्धा मिरीच लपलेली आहे.

आणि आपल्याकडून तिकडे गेलं ते? 1565 ते 1815, अडीचशे वर्षं मनिला ते आकापुल्को अशी स्पॅनिश गलबतं जात होती. त्यांतून आंबा गेला, म्हणून तिकडे एका आंब्याला अजून मनिला म्हणतात. चिंच गेली. माडही फिलिपिन्समधून गेला; पश्चिम किनाऱ्यावरच्या कोलिमात माडी काढायला फिलिपिनो लोकांनीच शिकवलं, आणि ती आजही भोपळ्यातून रस्त्यावर विकतात. तूबा म्हणतात तिला. वर शेंगदाणे घालून देतात. मी प्यायले. तुझ्या आजोबांच्या फोटोकडे बघून हे लिहिते आहे, त्यांनी क्षमा करावी. आंबा मात्र काडीला खोचून, कमळासारखा कापून, वर लिंबू नि लाल तिखट भुरभुरवून देतात. "हापूसची सर नाही" हे वाक्य जिभेवर येईल. गिळ. मी ते दादाच्या कचेरीतल्या एका मुलीसमोर बोलून बसले, तिने अगदी गंभीरपणे विचारलं, तुमच्या हापूसवर कुठली मिरची घालतात?

एक मुलगीही गेली होती त्या गलबतातून. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला पश्चिम किनाऱ्यावरून पोर्तुगिजांनी पळवलेली, कोचीनवरून मनिलाला नेऊन विकलेली, पुढे पुएब्ला शहरात गुलाम म्हणून पोचलेली. मूळ नाव मिर्रा म्हणतात. तिथे ती कातारिना दे सान हुआन झाली, लोकांनी साध्वी मानली, 1688 साली वारली. पुएब्लात तिची कबर आहे. तिला सगळे 'चिना' म्हणत. चीनची नव्हती, आशियातून जो येईल तो चिनो. केळशीच्या खाडीवर उभं राहिलं की मला ती आठवते. तुला कंपनीने तिकीट काढून पाठवलं आहे, एवढं ध्यानात असू दे.

तुलाही नाव पडेलच. तुला 'हिंदू' म्हणतील. आपल्या मोहल्ल्यातला मुलगा तिथे गेला तर त्यालाही हिंदूच म्हणतील. धर्माचा प्रश्न नाही. 'इंदिओ' हा शब्द तिकडे मूळच्या आदिवासी लोकांना हिणवायला वापरतात, तो तुला लागू नये म्हणून हिंदू. म्हणजे ती त्यांची सभ्यता आहे, दुरुस्ती करत बसू नकोस. मी दोन महिने करत होते.

रीतभातीचं आणखी थोडं. लिफ्टमधे, दुकानात, दवाखान्याच्या बाकावर, कुठेही शिरलीस तरी आधी "बुएनोस दीआस". आपल्याकडे ओळख नसलेल्याला रामराम केला तर तो मागे वळून बघतो. तिथे केला नाहीस तर तू उर्मट. कुणी जेवत बसलं असेल तर जाताना "प्रोवेचो" म्हणायचं, अनोळखी असला तरी. ऐकू आलं नाही तर "काय?" म्हणू नकोस, "मांदे?" म्हण, म्हणजे 'आज्ञा करा'. हल्लीच्या काही पोरांना हा शब्द लाचार वाटतो, पण म्हाताऱ्यांपुढे चालतो. आणि 'आओरिता' ह्या शब्दावर विसंबू नकोस. नळवाला आओरिता येतो म्हणाला, तिसऱ्या दिवशी आला. आपला "हा काय, येतोच" त्याच जातीचा, पण आपला माणूस वेळ मारून नेतो, तिथला माणूस तुझ्या तोंडावर नाही म्हणायचं टाळतो. चिडलीस तर तो गोंधळतो.

माझी फजिती ऐक. घरमालकीण बाईंनी पहिल्यांदा जेवायला बोलावलं, दुपारी तीनला. तिथे मुख्य जेवण तेव्हाच. मी शाकाहारी हे आधी सांगितलं होतं. "कार्ने नको" म्हणाले, तर कोंबडी वाढली. कार्ने म्हणजे त्यांच्या मनात गुराचं नाहीतर डुकराचं मांस. कोंबडी त्यात धरत नाहीत. राजम्याच्या घोटलेल्या उसळीत डुकराची चरबी असते हे तर मला महिन्याने कळलं. तू "सिन मांतेका" हे दोन शब्द आजच पाठ कर. पण फजिती ही नव्हे. माझं भात-भाजी खाऊन झालं, आणि मी आपल्या सवयीने उठले, आंचवायला. हात धुवून येते तो सगळे गप्प. बाईंचा चेहरा उतरलेला. त्यांना वाटलं, जेवण आवडलं नाही, मी निघाले. जेवण संपलं की उष्ट्या ताटांसमोर तासभर गप्पा मारत बसायचं असतं. सोब्रेमेसा. खरकटा हात वाळवत बसू नये असं आपल्याला लहानपणापासून चापट मारून शिकवलेलं. त्यांचं खरं जेवण तिथून पुढे सुरू होतं. अख्ख्या त्या देशात मला सगळ्यांत अवघड काय गेलं असेल तर हे नुसतं बसणं.

भोंग्याचं तू फोनवर सांगितलंस. 19 सप्टेंबरला वाजला तो सराव होता, दरवर्षी त्याच दिवशी असतो. 1985 साली त्याच तारखेला शहर कोसळलं होतं. 2017 साली तर सकाळी सराव झाला आणि दुपारी सव्वाला खराच भूकंप आला, आणि 2022 सालीही तारीख तीच. ते शहर आटवलेल्या तळ्याच्या गाळावर बसलेलं आहे, खरवसासारखं हलतं. भोंगा वाजल्यापासून हातात काही सेकंद, फार तर मिनिट. रात्री चप्पल, किल्ली नि चष्मा पलंगाच्या उजव्या बाजूला ठेव. ह्यात साम्य-फरक काही नाही, सांगितलं तेवढं कर.

रस्त्यावरचे आवाज ऐकत जा. आपल्याकडे सकाळी पाववाल्याचा पोंगा वाजतो तसं तिथे संध्याकाळी रताळीवाल्याच्या गाडीतून वाफेची शीळ येते, लांब आणि रडवी. मला त्या शिळेने पहिल्यांदा घरची आठवण आली, आणि गंमत म्हणजे केळशीत तसा आवाज कधीही नव्हता. भंगाराच्या गाडीवर एका लहान मुलीचा ध्वनिमुद्रित आवाज असतो: गाद्या, फ्रिज, शेगड्या, धुलाईयंत्रं विकत घेतो. तो शहरभर एकच आहे. आठ दिवसांत तुला पाठ होईल.

हे सगळं वरवरचं. आता ज्यासाठी बसले ते सांगते.

आपला गाव तू बघतेस. बारा घरांच्या आमच्या आळीत सात घरं कुलूपबंद. मुंबईच्या मनिऑर्डरींवर चाललेला हा मुलूख. निसर्ग वादळात, 3 जून 2020 ला, पोफळी काडेपेटीतल्या काड्यांसारख्या मोडल्या तेव्हा कौलं घालायला पैसा आला तोही मुंबई-पुण्याचा. मेक्सिकोतही मिचोआकान, साकातेकास ह्या भागांत गावंच्या गावं अशी आहेत: म्हातारे, बायका, पोरं आणि रंगवलेली रिकामी घरं. तरणे सगळे उत्तरेला, अमेरिकेत. 2023 साली त्यांनी सहा हजार कोटी डॉलरांहून जास्त घरी पाठवले. मी हे ऐकलं तेव्हा टाळी दिली. म्हटलं, अहो, हे तर आमचे चाकरमानी! साम्याच्या रकान्यात ठळक अक्षरांत लिहिलं.

तिथे जिन्यापाशी झाडलोट करणारी एक बाई होती, माझ्याच वयाची. तिला मोडक्यातोडक्या शब्दांत सांगितलं: आमच्याकडेही मुलं अशीच जातात, गणपतीला येतात. ती म्हणाली, माझा मुलगा एकोणीस वर्षं झाली, आला नाही. मी विचारलं, रजा मिळत नाही का? ती माझ्याकडे बघत राहिली. त्याच्याकडे कागद नाहीत. एकदा बाहेर पडला तर परत आत शिरता येणार नाही, आणि वाळवंटातून दुसऱ्यांदा जायचं त्याचं वय राहिलं नाही. बाप गेला तेव्हा त्याने फोनवर पुरणं बघितलं. मी घरी येऊन रकान्यातली ती ओळ खोडली नाही, पण दुसऱ्या बाजूला लिहिलं: 'आपले येतात.' गणपतीत एसटी भरून येतात, भांडतात, माळ्यावरचं तांब्याचं भांडं कुणाचं म्हणून अबोला धरतात, पण येतात. तुला तिथे कुणी सांगितलं की माझा भाऊ पलीकडे आहे, तर "हो, आमच्याकडेही" असं पटकन म्हणू नकोस. कधीपासून, एवढं विचार आणि थांब.

झेंडूचंही तसंच. तू बघतेस ते ढीग दोन नोव्हेंबरसाठी आहेत. सेम्पासुचिल म्हणतात त्याला. आपण तो दाराला बांधतो, गाडीला बांधतो, सुखाचं फूल. पितरांना आपण पांढरी फुलं आणि माका देतो. तिथे झेंडूच पितरांचा; त्याच्या पाकळ्यांची वाट दारापासून घरातल्या मांडणीपर्यंत घालतात, मेलेल्याला वास आणि रंग धरून घर सापडावं म्हणून. एक तारीख लेकरांची, दोन तारीख मोठ्यांची. पाणी, मीठ, मेणबत्त्या, कोपालचा धूप, गोड पाव, आणि त्या माणसाचं आवडतं खाणं. आपल्या पितृपक्षासारखंच, हे तू म्हणणार. मीही म्हणाले. घरमालकीण बाईंनी नवऱ्याच्या फोटोपुढे कोकची बाटली आणि सिगारेट ठेवली, मला हसू आलं. मग त्या म्हणाल्या, तुमच्या आईचा फोटो आणा, तिलाही बसवू.

मला दचकायला झालं. आपल्याकडे तिथी लागते, गोत्र लागतं, मुलगा लागतो. मी लेक, आईचं मी कधी काही केलं नव्हतं, तुझे बाबा करतात ते मागे उभं राहून बघितलं. मी पाकिटातला फोटो दिला. बाईंनी विचारलं, हिला काय आवडायचं? आणि बयो, मला सांगता येईना. माझ्या बाबांना काय आवडायचं, तुझ्या बाबांना काय, आल्यागेल्याला काय, सगळं पाठ. आई शेवटी जेवायची, उरलेलं. तिच्या ताटात काय असायचं ते कुणी बघितलंच नाही. बाई वाट बघत उभ्या, मी उभी. शेवटी म्हटलं, चहा. दुपारी सगळे आडवे झाले की मागच्या पडवीत ती एकटी चहा घ्यायची, एवढं आठवलं. दादाकडे पुड्या होत्या त्यातला केला.

दुसऱ्या दिवशी शहराच्या मधल्या हमरस्त्याने आम्ही सांगाड्यांचे मुखवटे नि मिरवणूक बघायला गेलो. एका चौकात सगळीकडे फोटो चिकटवलेले. मला वाटलं, हीही मांडणीच. दादाने थांबवलं. ती हरवलेली माणसं होती. एक लाखाच्या वर आहेत त्या देशात, नोंद असलेली. मारामाऱ्यांत, टोळ्यांत, कुठे गेली कळत नाही. आया हातात पहारी घेऊन माळरान उकरत हिंडतात. त्यांच्यातल्या काही जणी झेंडूच्या पाकळ्या घालत नाहीत, फोटो मांडत नाहीत. मांडला म्हणजे गेला असं मान्य केलं. आपल्या उटंबरच्या, अंजर्ल्याच्या कोळीवाड्यात समुद्रावरून न परतलेल्याची बायको किती वर्षं कपाळ पुसत नाही, ते मी लहानपणी बघितलेलं. ते मला तिथे आठवलं, पण ते मी कुठल्याच रकान्यात लिहिलं नाही.

सुट्टी मिळाली तर वाहाकाच्या किनाऱ्यावर जा. आपल्याकडे वेळासला आणि इथे केळशीला जी कासवं येतात, ऑलिव्ह रिडले, तीच तिथे येतात. इथे रात्रीला एखादी येते आणि आपण पोराबाळांना उठवून दाखवतो. तिथे एस्कोबिया नावाच्या किनाऱ्यावर चार-सहा रात्रींत हजारोंनी चढतात. मासुंते वगैरे गावं पूर्वी ह्या कासवांच्या कत्तलीवर जगायची. 1990 साली बंदी आली, आणि तीच माणसं राखणीला लागली. वेळासचं काम 2002 सालचं. त्यांना विचार, धंदा गेला तेव्हा पहिली चार वर्षं खाल्लं काय. मला इथल्या मंडळींसाठी त्याचं उत्तर हवं आहे.

डिसेंबरच्या 12 तारखेला ग्वादालूपेच्या देवीला लाखो माणसं चालत येतात, त्याबद्दल आता लिहीत नाही; वारीसारखं आहे असं मला लगेच लिहून पाठवशील, म्हणून तू स्वतः एक रात्र त्यांच्याबरोबर चालल्याशिवाय माझ्याशी त्यावर बोलू नकोस.

तुझ्या आईने आज मसाला दूध आटवलं आहे, आणि चांदणं खळ्यात इतकं पडलंय की मी दिवा न लावता हे शेवटचं पान लिहिते आहे. आजीचा फोटो ह्या पानाखाली ठेवून काढते, नीट येईल असं बघते. दोन तारखेला तुझी घरमालकीण विचारील. आजीपुढे चहाच ठेव. साखर जरा जास्त.

तुझी,
आत्या